सोलापूरहून जर्मनीला राहायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नर्स आहे. श्टुटगार्टजवळच्या एका लहान शहरात आठ वर्षं नोकरी केली आणि वडिलांच्या आजारपणामुळे सोलापुरात परत आले. आता शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, संध्याकाळी जर्मनचा वर्ग घेते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी (श्टुटगार्ट त्यातच येतं) कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून वर्गाबाहेरही लोक गाठून प्रश्न विचारतात. व्हिसाचं सांगणारे पुष्कळ आहेत. तिथे उतरल्यावर रोजचं जगणं कसं असतं हे मात्र नीट कुणी सांगत नाही, आणि मुलं अडतात ती तिथेच. म्हणून हे लिहिलं.

किती जर्मन आलं की पुरे?

नर्सिंगसाठी साधारणपणे बी-२, म्हणजे सहांपैकी चौथी, पातळी मागतात. परीक्षा पास व्हाच, पण परीक्षेची जर्मन आणि वॉर्डातली जर्मन एक नाही. श्टुटगार्टच्या बाजूला श्वेबिश बोली चालते. ऐंशी वर्षांचे आजोबा दात काढून ठेवून श्वेबिशमध्ये काही मागतात, तेव्हा पुस्तकातलं एक वाक्य कामाला येत नाही. ‘काय करूलालास बे’ हे पुण्याच्या माणसाला तरी कुठे लगेच कळतं? तसंच ते आहे. पहिले सहा महिने मी खिशात छोटी वही ठेवायचे. शब्द कानावर पडला की देवनागरीत लिहायचा, आणि चहाच्या सुट्टीत कुणाला तरी अर्थ विचारायचा. विचारलं म्हणून कुणी चिडलं नाही. न कळता मान डोलावली की मात्र चिडायचे, आणि त्यांचं बरोबर होतं. औषधाच्या डोसात मान डोलावून चालत नाही.

‘आपल्याच्यानं होईल का’ असं वाटत असेल तर आपल्याच गल्लीकडे बघा. माझे ताता, म्हणजे आजोबा, तेलंगणातून हातमागावर काम करायला सोलापुरात आले तेव्हा त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. सुताच्या दुकानात आकडे शिकले, भाजीबाजारात भाव करायला शिकले, पुढे मुलांच्या शाळेत मास्तरांशी बोलायला शिकले. घरात शेवटपर्यंत तेलुगू बोलले. परमुलखात भाषा कशी शिकायची आणि घरची कशी टिकवायची, हे पूर्व भागातल्या प्रत्येक घराने एकदा करून पाहिलेलं आहे.

आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस तर आपल्याच गावचे. जन्म १९१०, सोलापूर. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले, चिनी बोलायला-लिहायला शिकले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, आणि डिसेंबर १९४२ मध्ये अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्यांचं स्मारक आपल्या शहरात आहे आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी ते आतून पाहिलेलं नसतं. जाण्याआधी एक सकाळ काढून तिथे जाऊन या, एवढी माझी विनंती आहे.

पोचल्या पोचल्या काय करायचं?

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा. याला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाने सही केलेला कागद सोबत लागतो. ही नोंद झाली नाही तर पुढचं सगळं अडतं: कर क्रमांक, पगार, बऱ्याच ठिकाणी बँकेचं खातंसुद्धा. आरोग्य विमा सक्तीचा आहे, पण नोकरी असेल तर पगारातूनच कापतात.

पत्रपेटीवर आणि बेलवर आपलं नाव लावा, त्याच दिवशी. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि तिथे सगळं पत्रानेच येतं. आलेलं प्रत्येक पाकीट उघडायचं. विशेषतः पिवळ्या पाकिटावर पोस्टमनने तारीख लिहिलेली असेल तर ते सरकारी किंवा कोर्टाचं असतं आणि त्या तारखेपासून मुदत मोजली जाते. माझ्या ओळखीच्या एका मुलाने अशी तीन पाकिटं ‘नंतर बघू’ म्हणून कपाटावर ठेवली होती. मूळ दंडाच्या कितीतरी पट पैसे शेवटी भरले.

रेडिओ-टीव्हीची वर्गणी म्हणून दर घरामागे महिन्याला साधारण १८ युरो मागणारं पत्रही येईल. टीव्ही नसला तरी ती द्यावी लागते. ती फसवणूक नाही.

घर मिळतं का? कसं असतं?

मिळतं, पण वेळ लागतो. जाहिरातीत दोन भाडी दिसतील, ‘थंड’ आणि ‘उबदार’. थंड म्हणजे नुसतं घर. उबदार म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. वीज बहुतेकदा त्याहूनही वेगळी. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकी घेता येते, त्याहून जास्त मागितली तर ते कायद्याला धरून नाही. रिकामं घर घेतलंत तर स्वयंपाकघरात ओटा, सिंक, कपाटं काहीच नसण्याची शक्यता आहे. आधीचा भाडेकरू ते काढून घेऊन गेलेला असतो. आधी विचारा.

नळाचं पाणी थेट पिता येतं आणि चोवीस तास येतं. आपल्याकडे तेव्हा चार-पाच दिवसांआड पाणी यायचं, त्यामुळे पहिला आठवडाभर मी रोज रात्री दोन पातेली भरून झाकून ठेवत होते. हाताला सवयच तशी होती.

आता बुरशीचं. थंडीत आपण खिडक्या घट्ट लावून आत भात शिजवतो, वरणाला फोडणी देतो, धुतलेले कपडे खोलीत वाळवतो. ती सगळी वाफ बाहेरच्या गार भिंतीवर जाऊन बसते. माझ्या पहिल्या घरात कपाटामागची भिंत फेब्रुवारीपर्यंत काळी झाली. कपाट भिंतीला चिकटवून ठेवलं होतं, मागे हवा नव्हती. घर सोडताना अनामतीतून रंगाचे पैसे कापले गेले आणि मला फार अपमान झाल्यासारखं वाटलं, कारण मी घर स्वच्छच ठेवलं होतं. पण तो प्रश्न स्वच्छतेचा नसतो, वाफेचा असतो. दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच ते दहा मिनिटं, बाहेर बर्फ पडत असला तरी, मग बंद. खिडकी दिवसभर किलकिली ठेवून उपयोग नाही, भिंत गार पडते आणि बुरशी आणखी वाढते. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.

रविवारी आवाज करायचा नाही म्हणजे नक्की काय?

दुकानं रविवारी बंद, हे सगळे सांगतात. शनिवारी भाजी-दूध आणून ठेवायचं, प्रश्न मिटला. शांततेचं मात्र अंगवळणी पडायला वेळ लागतो. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवार पूर्ण दिवस. ड्रिल, व्हॅक्यूम क्लीनर, मोठ्याने गाणी, काही इमारतींत वॉशिंग मशीनसुद्धा नाही. दुपारची विश्रांतीही बऱ्याच इमारतींच्या नियमांत असते. ते नियम जिन्यात लावलेले असतात. शब्दकोश घेऊन एकदा वाचून काढा.

मी वाचले नव्हते. नोव्हेंबरातला रविवार होता. तुर्की दुकानातून शेंगदाणे आणून खरपूस भाजले होते. आईने बॅगेत लोखंडी खलबत्ता दिला होता. शेंगा चटणी मिक्सरला लावली की कूट होतं, तेल सुटेपर्यंत कुटली तरच ती चटणी. मी फरशीवर बसून कुटायला लागले आणि दहा मिनिटांत बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या आजी दारात, पायात घरातल्या सपाता. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘हॉयटे इस्ट झोन्टाग’. आज रविवार आहे.

पुढच्या आठवड्यात मी खाली जाऊन विचारलं, मला हे कुटायचं असतं, कधी चालेल? त्यांनी शनिवारी अकरा ते बारा अशी वेळ दिली. मी सोलापुरी चादरीची चौपदरी घडी खलबत्त्याखाली घालू लागले, आवाज निम्मा झाला. चटणी झाली की एक वाटी त्यांना नेऊन दिली. तीन दिवसांनी वाटी माझ्या दाराशी होती. लख्ख धुतलेली, कागदी रुमालात गुंडाळलेली, आणि रिकामी. त्या संध्याकाळी मला रडू आलं. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत जात नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. आवडली नाही म्हणून तोडून टाकलं, असं मला वाटलं. पुढे बोलण्याबोलण्यात कळलं, की त्यांच्या मते दुसऱ्याची वस्तू स्वच्छ करून लगेच परत देणं हाच मान. मग मी त्यांना आपली रीत सांगितली. त्यानंतर प्रत्येक वेळी वाटीत दोन अक्रोड असायचे, त्यांच्या बहिणीच्या बागेतले.

एवढं लांबण लावून सांगितलं, कारण फोनवर ‘मॅडम, इथले लोक कोरडे आहेत’ असं सांगणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांची एखादी रिकामी वाटीच मनाला लागलेली असते. विचारा. आणि आपलंही सांगा, ते त्यांना आपोआप कळत नाही.

कचऱ्याचं फार कडक आहे का?

हो. कागद, प्लास्टिकची वेष्टणं, ओला कचरा आणि उरलेलं, असे वेगळे डबे. काचेच्या बाटल्या रंगानुसार वेगळ्या टाकायच्या. पेयांच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात घातली की परत मिळते. फेकू नका.

कुणाला काय म्हणायचं? ‘तू’ की ‘तुम्ही’?

हे आपल्याला इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा लवकर जमतं. ‘डू’ म्हणजे तू, ‘झी’ म्हणजे तुम्ही. पण आपल्या ‘तुम्ही’त मान असतो, त्यांच्या ‘झी’त मानाबरोबर अंतरही असतं. अनोळखी मोठ्या माणसाला, रुग्णाला, कचेरीत नेहमी ‘झी’ आणि आडनाव. वॉर्डातले सहकारी बहुधा पहिल्याच दिवशी ‘डू’ म्हणा म्हणतात. एरवी ‘डू’ची मुभा वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाने द्यायची असते.

मला जड गेलं ते वेगळंच. आपण रिक्षावाल्याला काका म्हणतो, भाजीवालीला मावशी. तिथे अनोळखी माणसाला नात्याने हाक मारायची सोयच नाही. वर ज्यांना मी आजी म्हटलं, त्यांना समोर शेवटपर्यंत आडनावानेच हाक मारली. तरी त्या माझ्या आजीच होत्या.

बोलण्यातला थेटपणाही सांगून ठेवते. ‘हे चुकलं’ असं ते तोंडावर सांगतात, आणि पाच मिनिटांनी तुमच्याबरोबर शांतपणे कॉफी पितात. मनात धरत नाहीत, तुम्हीही धरू नका. चार वाजता बोलावलं तर चारला जायचं. वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा द्यायच्या नाहीत, तो अपशकुन मानतात. आणि ज्याचा वाढदिवस त्यानेच कामावर केक न्यायचा.

दवाखान्यातलं काम इथल्यासारखंच असतं का?

नाही, आणि हे नीट कळून जायला हवं. इथे रुग्णाला पुसून घेणं, भरवणं, बेडपॅन देणं हे नातेवाईक करतात नाहीतर मावशी. तिथे ते नर्सचं काम आहे, शिकलेल्या नर्सचं. रात्रभर उशाशी बसणारं कुणी नसतं. पहिल्या महिन्यात आपल्या काही मुली म्हणतात, ‘बी. एस्सी. नर्सिंग यासाठी केलं का?’ मलाही तसं वाटलं होतं. नंतर एका अनुभवी सहकारी बाईंनी दाखवलं, की अंघोळ घालतानाच पाठीवरची सुरू होणारी जखम दिसते, पायाची सूज हाताला लागते, माणूस आज उलटाच बोलतोय हे कानावर येतं. नर्सचं निम्मं निदान त्या कोमट पाण्यात होतं. हे मी तिथे शिकले आणि इथे वडिलांच्या बाबतीत उपयोगी पडलं.

डॉक्टरांची चूक दिसली तर नर्सने बोलायचं असतं. गप्प बसलात तर तोच तुमचा दोष धरतात.

खाण्याचं काय? बॅगेत काय न्यावं?

मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपबाहेरून नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा घालून केलेलं काहीही नको. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, आंबेही परवान्याशिवाय चालत नाहीत. कोरडी शेंगा चटणी, कडक भाकरी, मसाला, शेंगा पोळी चालते. पोळीला तूप लावायचं ते तिथे गेल्यावर लोणी कढवून लावा. कडक भाकरी नेताना स्टीलच्या डब्यात घट्ट बसवा, पिशवीत नेली तर चुरा होतो.

ज्वारीचं पीठ भारतीय किराणा दुकानात मिळतं, पण मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची सर त्याला नाही आणि बऱ्याचदा जुनं असतं. जुन्या पिठाची भाकरी थापताना तडकते. उकळतं पाणी घालून पीठ मळलं तर जमते. तिथले लोक रात्री बहुधा गरम जेवत नाहीत, ब्रेड आणि चीज खातात. तुम्हीही तसंच करावं असं नाही. पण दुपारी सगळ्यांबरोबर कँटीनमध्ये बसा. एकटं डबा खाणारी मुलं एकटीच राहतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

अंघोळीचा मग नक्की न्या. बादली तिथे मिळते, तसा मग मिळत नाही.

थंडी सोसते का?

थंडी सोसते, कपडे चांगले असले की झालं. अंधार सोसायला कठीण. डिसेंबरात श्टुटगार्टला सूर्य आठनंतर उगवतो आणि साडेचारला मावळतो. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला जानेवारीत विनाकारण रडू येतं, कामाला उठवत नाही. याला मनाचा कमकुवतपणा समजू नका. सुट्टीच्या दिवशी दुपारी बारा ते दोन बाहेर चालायला जायचं, ढग असले तरी. ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा. महिनाभर तसंच राहिलं तर त्यांना मनाबद्दलही स्पष्ट सांगा.

रंगावरून, नावावरून त्रास होतो का?

होतो. रोज नाही, सगळ्यांकडून नाही, पण होतो. घरासाठी फोन केला की आडनाव ऐकून ‘घर गेलं’ म्हणायचे, आणि जाहिरात दोन आठवडे तशीच असायची. एकदा एका रुग्णाच्या मुलाने ‘जर्मन नर्स पाठवा’ म्हटलं. आमच्या वॉर्डप्रमुख बाई त्याला म्हणाल्या, ही आमची नर्स आहे, आणि त्याच खोलीत मलाच पुन्हा पाठवलं. प्रत्येकीला अशा बाई भेटतील असं नाही. असं काही झालं तर त्याच दिवशी तारीख-वेळ लिहून ठेवा, वरिष्ठांना लेखी कळवा, कामगार प्रतिनिधींना भेटा. आणि घरी सांगा. आई-वडिलांना काळजी नको म्हणून गिळून टाकू नका.

सणावाराला काय करायचं?

दिवाळीला मंडळं असतात, गणपतीही बसतो. पण सोलापूरकराचा खरा प्रश्न जानेवारीतला. गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, रजा कशी मागायची? मी पहिल्या वर्षी कुणाला काही बोललेच नाही. भोगीच्या दिवशी सकाळच्या पाळीत होते. इथे दुपारी संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता पडत होत्या, तेव्हा तिथे सकाळचे नऊ-साडेनऊ वाजले होते. मी कपडे ठेवायच्या खोलीत उभी राहून फोनवर पाहिलं. पांढऱ्या बाराबंदीतले लोक, सात नंदीध्वज, आणि ‘सत्यम सत्यम’ सुरू झालं तशी माझी मूठ आपोआप वर गेली. हातात अक्षता नव्हत्या. पुढच्या वर्षी ऑक्टोबरातच रजेच्या तक्त्यात तो आठवडा मागून घेतला, आणि कारण विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. मिळाला. रजा तिथे हक्काने मिळते, पण लवकर आणि स्पष्ट मागावी लागते.

इथलं गाडीचं लायसन्स चालतं का?

सहा महिने. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, आणि त्या महाग पडतात.

नागरिकत्व घ्यावं का?

जून २०२४ पासून पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो आणि जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला लावत नाही. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट जमा करायचा. ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर, ये-जा आणि मुक्काम चालतो. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मी घेतलं नाही. घेणाऱ्याला मी चूक म्हणत नाही, फक्त घरात बसून सगळ्यांशी बोलून घ्या.

आम्ही आई-वडील इथे मागे राहणार. आम्ही काय करायचं?

हा प्रश्न वर्ग सुटल्यावर, मुलं खाली गाडी काढायला गेली की विचारला जातो.

उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात. फोनची एक वेळ ठरवा आणि ती पाळा. पाळीत फोन उचलता येत नाही, लगेच दुसरा-तिसरा करू नका. ‘जेवलीस का’ विचाराच, पण त्यापुढे ‘आज कुणाशी बोललीस’ हेही विचारा. पहिल्या वर्षी त्या उत्तरावरून जास्त कळतं. ‘परत कधी येणार’ हे दर फोनला विचारू नका. दुखणं लपवू नका. माझ्या वडिलांनी चार महिने लपवलं आणि मला ते शेजाऱ्यांकडून कळलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

माझ्या आईने यंत्रमागाच्या खोलीत नेहमीच्या घड्याळाशेजारी दुसरं घड्याळ लावलं होतं, जर्मनीच्या वेळेचं. मार्च-ऑक्टोबरात स्टुलावर चढून स्वतः काटे फिरवायची. माग चालू असला की फोनवर काही ऐकू येत नाही, म्हणून त्या घड्याळात पाच वाजले की ती माग बंद करून फोन घेऊन बाहेर ओट्यावर येऊन बसायची.